देवसिंगची घळ

दिवाळीच्या पणत्या उचलायच्या आत तांड्यात ट्रक येऊन उभा राहतो. भांडीकुंडी, पोरंसोरं, चार कोंबड्या, फडाशी राहायची झोपडी, म्हणजे कोपी, बांधायचे बांबू, ताडपत्री, सगळं त्यात चढतं आणि अर्धा तांडा ऊस तोडायला निघून जातो. म्हणायला अर्धा, हो. खरं तर ज्याच्या हातापायांत जीव आहे तो प्रत्येक जण जातो. मागे राहतात एखाददोन म्हातारी माणसं आणि दारांवरची कुलपं.

त्या कुलपांच्या किल्ल्या देवसिंगच्या घरी. दाराआड एक खुंटी आहे, तिला साऱ्या तांड्याच्या किल्ल्या लटकतात. ठेवा म्हणून कुणी ठराव केला नव्हता. एका वर्षी एकानं दिली, दुसऱ्यानं पाहिली, आणि मग रीतच पडली. वारं सुटलं की त्या खुळखुळतात. पहिल्या वर्षी देवसिंग दचकून उठायचा, वाटायचं कुणी आलं. आता उठत नाही.

ढाणकीपासून कोस-दीड कोसावर, मुरमाड उतारावर हा तांडा. घरात बंजाऱ्यांची गोरबोली चालते, बाजारात वऱ्हाडी. इथं आपण वऱ्हाडीतच सांगू, म्हणजे सगळ्यांनाच कळेल. उताराच्या पायथ्याशी देवसिंगचं वावर. एकेकाळी त्या वावराची माती अशी होती की पावसाळ्यात चप्पल अडकली तर चप्पल सोडून पळावं लागे. आता तिथं मधोमध घळ पडली आहे. बादल, म्हणजे देवसिंगचा एकुलता एक पोरगा, लहानपणी ती घळ उडी मारून ओलांडायचा. आज त्यात बैल पडला तर दोरानं काढावा लागेल.

घळ काही आभाळातून पडली नाही. वरच्या वावरांना आधी धुरे होते, मातीचे, गवत वाढलेले. पाणी धुऱ्याशी थबकायचं, मुरायचं, मग सावकाश पुढं. ट्रॅक्टर आला आणि ट्रॅक्टरवाल्याला लागला नांगरटीचा सरळ तास, वरून खाली. वळायला अडचण होते म्हणून एकानं धुरा मोडला, त्याचं पाहून दुसऱ्यानं. साऱ्या उताराचं पाणी मग मोकाट सुटलं आणि सगळ्यांत खाली कोण? देवसिंग. करणारे करून गेले आणि भोगणारा भोगत बसला. कुणाला बोलावं तर उत्तर तयार, "देवसिंगबा, पान्याले काय आमी चिठ्ठी धाडली होती?" वर हसायचं.

तेही त्यानं सोसलं असतं. माती गेली तर गेली, म्हातारपणी किती लागतं माणसाला? पण त्याची बायको हंसाबाई वारली त्या वर्षी बादल एक बोलून गेला होता. ट्रकात सामान टाकता टाकता, सहज, मागे न बघता.

"बा, दिवाळीनंतर आपल्या वावरात हरभरा झाला असता, तर कोन मरायले गेला असता तिकडं?"

बादल बोलला आणि विसरला. देवसिंग नाही विसरला. हरभऱ्याला ओल लागते. ओल राहायला माती लागते. आणि माती तर दर पावसाळ्याला घळीतून नाल्याला जाते, नाल्यातून पैनगंगेला. देवसिंगनं मनाशी साधा हिशोब मांडला: जमीन थांबली तर पोरगा थांबंल. या एका वाक्यावर त्या माणसानं अख्खा हिवाळा काढला.

घळ अडवायचं त्याला नवीन नव्हतं. हंसाबाई असताना दोघांनी मिळून घळीच्या तोंडाशी दगडांची भिंत घातली होती. देवसिंगनं ती मधोमध चांगली उंच केली, छातीएवढी. हंसाबाई टोपलं डोक्यावर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अडवा, पन कोंडू नका. मधात खोलगट ठेवा, वरचं वरचं पानी जाऊ द्या." आता बायकोचं ऐकलं तर तो नवरा कसला! त्यानं आणखी एक थर चढवला. पहिल्याच मोठ्या पाण्यानं भिंत अशी नेली की सकाळी एक दगड जागेवर नव्हता. हंसाबाई पदर तोंडाला लावून हसली होती. ते हसू त्याला त्या दिवशी झोंबलं होतं. आता ते पुन्हा एकदा ऐकायला मिळावं म्हणून त्यानं काय वाटेल ते दिलं असतं.

यंदा ट्रक गेला आणि देवसिंग कामाला लागला. दगड एकट्याला उचलत नव्हते. त्यानं ठरवलं, खुंटांच्या दोन ओळी घळीत आडव्या ठोकायच्या, मधात बाभळीचे फास, म्हणजे काटेरी फांद्या, दाबून भरायच्या, वरून तारेनं आवळायचं. पाणी त्यातून गाळून जाईल आणि माती मागे राहील. फास पाहिजे तेवढे होते. खुंट कुठून आणायचे? जंगलात कुऱ्हाड नेली की कटकट.

अंगणात बंडी उभी होती. बैल विकून काही वर्षं झाली, बंडी मात्र तशीच, जू जमिनीला टेकवून. बादल लहानपणी त्या जुवावर बसून बैलांना शिव्या द्यायचा, नुकतंच बोलायला लागलेलं पोर, आणि हंसाबाई खोटं खोटं रागवायची. देवसिंग काही दिवस कुऱ्हाड घेऊन बंडीभोवती नुसता घुटमळला. मग एका सकाळी त्यानं पहिली उभारी, बंडीच्या कडेचा उभा दांडका, काढली. एक निघाली की पुढच्या निघतात. उभाऱ्या गेल्या, साट्या गेल्या, दांड्या गेल्या. जू त्यानं शेवटी घेतलं. ते तोडलं नाही, अख्खंच्या अख्खं बांधाच्या वरच्या ओळीला आडवं बांधलं, शिवळांसकट. बैलाच्या मानेशी असते ती लोखंडी शिवळ तारेला पीळ द्यायला बरी पडली.

हे काम दोन माणसांचं आहे, हे त्याला तिथं गेल्यावर कळलं. एकानं फासावर पाय देऊन दाबायचं आणि तारेचं टोक धरायचं, दुसऱ्यानं पीळ द्यायचा. पहिल्याच दिवशी त्यानं तार ओढली आणि दुसरं टोक मागे धरलं.

"धर वं," तो सवयीनं म्हणाला, हंसाबाईला म्हणायचा तसा.

कुणी धरलं नाही. धरणार कोण? तार त्याच्या हातात तशीच राहिली. देवसिंग खाली बसला आणि त्या घळीत मोठ्यानं रडला. तांड्यात ऐकायला होती एक म्हातारी धनीबाई, आणि तिला ढोल वाजला तरी ऐकू येत नाही. रडून झाल्यावर त्यानं तारेचं टोक स्वतःच्या पायाला गुंडाळलं आणि पीळ दिला. तार घोट्यात रुतायची. हातांत काटे मोडायचे, ते संध्याकाळी उजेडात धरून काढावे लागत. रोज असंच. धनीबाई ओट्यावरून बघायची आणि विचारायची, "कायले करून राह्यला रे देवसिंग? कोन पाहते?" तो ओरडून सांगायचा, "बादल पाहीन!" ती मान डोलवायची. ऐकू आलं की नाही, देव जाणे.

आता कुणी म्हणेल, पोराला फोनवर सांगायचं नाही का? फोन तर रोज यायचा. बादल पोरगा वाईट नव्हता, दिवसाआड नाही, रोज फोन करायचा. पण त्या फोनात काय असायचं ते ऐका.

"बा, जेवले काय?"

"जेवलो. तू?"

"जेवलो. बरं हाय ना?"

"बरं हाय."

"मंग ठेवतो."

एवढ्यात घळ कुठं बसवावी माणसानं? संक्रांतीच्या सुमारास अवकाळी पाऊस आला, एकच सर, पण दणक्याची. देवसिंग डोक्यावर पोतं घेऊन घळीकडे पळाला. गढूळ पाणी आलं, फासांना भिडलं, थबकलं, मधल्या खोलगट जागेवरून निवांत पलीकडे उतरलं. बांध हलला नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर बांधामागं मऊ काळा गाळ बसलेला, वीतभर. देवसिंगनं त्यात हात खुपसला. इतका आनंद झाला म्हणता, की त्यानं आपणहून बादलला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा.

"बा, मोळ्या भरून राह्यलो. मागून बोलतो," बादल म्हणाला.

मागून फोन आला तो रात्री, आणि त्यात पुन्हा जेवले काय. देवसिंगनं मनात म्हटलं, जाऊ द्या, सांगून कळायची गोष्ट नाही ही. परत येईल तेव्हा हाताला धरून नेऊ आणि दाखवू. त्या गाळात त्यानं धने पेरले. घळीच्या पोटात एवढासा हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, उगवला, त्याला तो रोज लोट्यानं पाणी घालायचा आणि त्याच्याशी बोलायचाही. हसू नका. ज्यानं चार महिने किल्ल्यांचा खुळखुळाट ऐकत काढले आहेत त्यानंच हसावं.

यंदा तिकडं ऊस कमी, कारखाने लवकर थांबले. होळीच्या आदल्या दिवशी दुपारी ट्रक आला. पोरं उड्या मारून उतरली, कुत्री भुंकली, चुली पेटल्या. जो तो देवसिंगच्या दारी येऊन "राम राम देवसिंगबा" म्हणत आपली किल्ली घेऊन गेला. खुंटी रिकामी झाली. देवसिंगचा जीव सुपाएवढा झाला. बादल उन्हानं काळा ठिक्कर पडला होता, बबिता सून वाळून काडी झाली होती, पण आली होती, दोघंही धड आली होती. बादलनं कोपीचे बांबू आढ्याला बांधून टाकले, आता दिवाळीपर्यंत त्यांची गरज नाही म्हणून.

बबितानं स्वयंपाक केला. देवसिंगनं गुपचूप सांबाराची जुडी तिच्यापुढं ठेवली.

"मामाजी, सांबार कुठून आनला? आज तर बाजार नाई."

"उद्या दाखवतो," देवसिंग म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "दोघायलेही दाखवतो."

जेवताना म्हातारा अगदी रंगात आला. तांड्यातली होळी पहाटे पेटते, आणि आदल्या रात्री पोरं होळीसाठी लाकडं पळवतात, ही जुनी चाल. उघड्यावर जे सापडेल ते होळीचं. नेलं ते नेलं, मालकानं शिवी द्यायची नाही आणि परत मागायचं नाही, उलट होळीभोवती नाचायचं. देवसिंगनं तरुणपणी आपल्या चुलत्याची खाट पळवली होती, चुलता अंगणात उठून बघतो तर अंथरूण मातीवर! ही गोष्ट त्यानं त्या रात्री पुन्हा रंगवून सांगितली. बादल पोट धरून हसला.

"आता तसे पोट्टे राह्यले नाई," देवसिंगनं वर टोचलं. "मोबाइल पाहत बसता. अशी होळी रचा का ढाणकीहून दिसली पायजे!"

बाहेरून पोरांनी हाक दिली तसा बादल उठला. देवसिंग तृप्त मनानं आडवा झाला आणि कितीतरी महिन्यांनी त्याला गाढ झोप लागली.

पहाटे डफ वाजला. तांड्याचा प्रमुख, नायक लालसिंगनं त्याला हाताला धरून पुढं नेलं, कारण होळीला पाण्याची धार घालायचा मान तांड्यात सगळ्यांत वडील असलेल्याचा. होळी खरंच उंच रचली होती. पेटली होती, वरचे बाभळीचे फास तडतडत होते. देवसिंगनं लोटा घेतला, पहिलं पाऊल टाकलं आणि त्याला ते दिसलं. जाळात उभं, एका टोकानं पेटलेलं, त्याच्या बंडीचं जू.

त्याच्या खाली उभाऱ्या होत्या. साट्या होत्या. तारेचे पीळ तसेच होते.

"बा!" बादल रंगलेल्या तोंडानं धावत आला. "म्हनत होते ना, पोट्टे राह्यले नाई! घळीकडं गेलतो अंधारात. कोनं तरी खुंट रोवून, फास आवळून ठेवलेते पक्के. उपटता उपटता घाम निघाला, पन सोडलं नाई. पाह्य होळी!"

देवसिंगनं पोराकडं बघितलं. सांगावं तर रीत मोडते, आणि रीत तर रात्री आपणच शिकवलेली. आपल्याच तोंडानं आपलाच बांध जाळला.

"चांगली केली होळी," तो म्हणाला. धार घालत त्यानं फेरी पूर्ण केली आणि लोटा लालसिंगच्या हातात दिला.

घरी येऊन तो भिंतीकडं तोंड करून पडला. बाहेर लेंगीची गाणी सुरू झाली होती, बायका हसत होत्या, कुणीतरी कुणाला रंगात लोळवत होतं. रिकाम्या तांड्यात तो चार महिने एकटा होता, पण तेव्हा वाट तरी बघायला होती. आज सगळी माणसं आली आणि त्याच्यापाशी वाट बघायलाही काही उरलं नाही. इतकं एकटं त्याला हंसाबाईला पोचवून आलेल्या दिवशीही वाटलं नव्हतं. मनाशी म्हणाला, म्हाताऱ्या, पावसाळा येईल, घळ वाढेल, दिवाळी येईल, ट्रक येईल. तू किल्ल्या सांभाळ.

ऊन वर आलं. पोरं नाचत फाग मागायला दारी आली. बबितानं त्यांना गूळ-खोबरं दिलं. देवसिंगनं पडल्या पडल्या आवाज ओळखले, त्यात बादलचा नव्हता. पोरं गेल्यावर बबिता दाराशी उभी राहिली, पदर पुढं ओढून. सासऱ्याशी ती फारसं बोलायची नाही.

"मामाजी, जेवून घ्या."

"बादल कुठं हाय?"

ती थोडी घुटमळली. "राखेत त्यायले शिवळ सापडली. बंडीची. ते घेऊन आले अन् अंगनात पाहत राह्यले. मले इचारलं, बंडी कुठं हाय? मले काय माहीत? मंग त्या धनीबाईपाशी गेले. ती काय बोलली कोन जाने. आल्या आल्या आढ्यावरचे बांबू सोडले अन् निघून गेले."

"कोनते बांबू?"

"कोपीचे," बबिता म्हणाली.

देवसिंग उठून बसला. चपला न घालताच निघाला. वावर जवळच, पण त्याला ते फार लांब वाटलं. घळीशी येऊन त्यानं खाली वाकून बघितलं.

बादल घळीत होता. तोंडाला हिरवा-गुलाबी रंग तसाच, त्यावरून घाम ओघळून पट्टे पडलेले. तुडवलेला सांबार त्यानं बाजूला सारून मुळं मातीत दाबली होती. बांबू कोयत्यानं तोडून तो खुंट ठोकत होता, दोन ओळींत, आणि वरून नव्यानं तोडलेले फास भरत होता. हातांतून रक्त येत होतं. बांबू सगळे चुकीचे ठोकलेले, पाण्याच्या दिशेनं कललेले. आणि मधोमध छान उंच केलेलं, छातीएवढं.

देवसिंगला काय वाटलं ते त्याचं त्याला माहीत. तोंडातून मात्र निघालं ते असं:

"अबे, मधात कायले उंच केलं? पह्यल्या पान्यात जाते ते!"

बादल थांबला. वर बघितलं. त्याचे डोळे लाल होते, रंगानं असतील.

"मंग कसं करू?"

"अडव, पन कोंडू नको. मधात खोलगट ठेव." देवसिंग घळीत उतरायला लागला, ढेकळं घसरत होती. "तुही याडी सांगत होती. मी नाई आयकलं तेव्हा."

बादलनं मधले दोन बांबू उपटले. पुन्हा ठोकले, आखूड करून. मग वर न बघताच म्हणाला, "बा, काहून नाई सांगतलं? मी रोज फोन करत होतो ना."

"तू इचारत होता, जेवले काय. मी सांगत होतो, जेवलो."

बादलनं कोयता खाली ठेवला आणि बाहीनं नाक पुसलं. गुलाबी रंग सगळ्या तोंडाला फासला गेला. वर तांड्यात डफ वाजत होता.

देवसिंगनं एका बांबूवर हात ठेवला. त्याला ताडपत्रीच्या दोरीची गाठ अजून तशीच होती. खूप वेळ त्यानं ती गाठ चाचपली. विचारू की नको, विचारू की नको असं करत शेवटी त्यानं विचारलंच.

"हे तर तोडून टाकले तू. दिवाळीले मंग कायची कोपी बांधशील?"

बादलनं तार उचलली. फासांवरून पलीकडं टाकली, एक टोक शिवळीला अडकवलं आणि दुसरं बापाकडं धरलं.

"धर, बा," तो म्हणाला.

देवसिंगनं फासावर पाय दिला आणि तारेचं टोक घट्ट धरलं.